आधी उतरायला शिका, मग रेल्वेवाटेवर घोडा घाला

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४१, आठ महिन्यांपासून नवी मुंबईतल्या एका रायडिंग स्कूलमध्ये आठवड्यातून दोनदा जातात. दुडकी बऱ्यापैकी जमते, कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, नुकताच सुरू झालाय. जूनमध्ये इंग्लंडला, डर्बीत भावाकडे तीन आठवडे मुक्काम आहे. तिथून जवळच बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या वाटा आहेत आणि त्यांवर घोड्यावरून जाता येतं, असं भावाने सांगितलंय. ‘वाट सपाट, मोटारी नाहीत, म्हणजे नवख्यांसाठी हेच सगळ्यात सोपं ना? तेरा वर्षांचा मुलगा माथेरानला घोड्यावर बसलाय, त्यालाही नेऊ का? आणि जायच्या आधी सराव करायला ठाणे-नवी मुंबईजवळ अशी एखादी जुनी रेल्वेवाट आहे का?’

ताई, जरूर जा. पण ‘सपाट म्हणून सोपं’ हे मनातून काढून टाका. मी सत्तावीस वर्षं ठाण्यातून मुरबाड रस्त्याला घोडे सांभाळतोय आणि शिकवतोय. तरुणपणी दोन उन्हाळे डर्बीशरच्या एका तबेल्यात लीद काढायचं, खरारा करायचं आणि पाहुण्यांच्या मागून घोड्यावर जायचं काम केलंय. तुम्ही म्हणता त्या वाटा तेव्हा रोजच्या पायाखालच्या होत्या. तिथे पडलेली माणसं मी पाहिली, ती चढावर पडली नाहीत. अगदी सरळ, सपाट, छान वाटेवर पडली.

कारण सांगतो. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून इंजिनिअर डोंगर आला की खोदतो, दरी आली की भराव घालतो किंवा पूल बांधतो. त्यामुळे वाट सपाट मिळते, पण तिला बाजू मिळत नाही. खोदलेल्या भागात दोन्हीकडे खडकाच्या भिंती, भरावावर दोन्हीकडे उतार, पुलावर कठडे, बोगद्यात अंधार. मोकळ्या माळावर घोडा बुजला तर तुम्ही त्याला गोल फिरवता, दोन चकरा मारल्या की तो शांत होतो. रेल्वेवाटेवर गोल फिरवायला जागाच नसते. तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला बहुतेक सगळ्यात आधी हीच गोल फिरवायची युक्ती शिकवली असेल, आणि नेमकी तीच तिथे चालत नाही. तिथे उपयोगी पडतं ते वेगळंच: घोडा जागच्या जागी उभा करता येणं, चार पावलं सरळ मागे सरकवता येणं, आणि वेळ आली तर शांतपणे उतरून लगाम हातात धरून चालवत नेता येणं.

या वाटा आल्या कुठून तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे तिथल्या पाट्या वाचताना गोंधळ होणार नाही. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेच्या फेररचनेचा बीचिंग अहवाल आला. त्यात दोन हजारांहून जास्त स्टेशनं आणि सुमारे ५००० मैलांचे मार्ग बंद करावेत अशी शिफारस होती. पुढच्या काही वर्षांत शेकडो फाटे बंद झाले, रूळ उचलले गेले, उरली ती जमीन. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने अशा बंद पडलेल्या मार्गांतले काही घेऊन वाटा केल्या. तुमच्या भावाच्या घरापासून गाठता येतील अशा तीन: ॲशबोर्न ते पार्स्ली हे ही १३ मैलांची टिसिंग्टन ट्रेल, तिला पार्स्ली हे इथे मिळणारी १७ मैलांची हाय पीक ट्रेल, आणि बेकवेलजवळून जाणारी साडेआठ मैलांची मॉन्सल ट्रेल. तिन्हींवर पायी, सायकलवर आणि घोड्यावर जाता येतं. पण इंग्लंडातल्या प्रत्येक रेल्वेवाटेवर घोड्याला मुभा नसते. काही फक्त पायी आणि सायकलसाठी आहेत. तोंडाशी पाटी असते, ती वाचायची. ‘ब्रायडलवे’ लिहिलेलं असेल तर घोड्याचा हक्क आहे. १९६८ च्या कायद्यापासून तिथे सायकलींनाही परवानगी आहे, पण सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची असते. सगळेच देतात असं समजू नका.

हाय पीकची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती मुळात क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे, १८३०-३१ साली सुरू झालेली. सुरुवातीला तिच्या सपाट भागांवर डबे ओढायला इंजिनं नव्हतीच, घोडे होते. चढाच्या तुकड्यांवर वर बसवलेलं वाफेचं यंत्र साखळदंडाने डबे ओढून घ्यायचं. म्हणजे त्या वाटेवर आज घोडा जातो तो पाहुणा म्हणून नाही, जुना नोकर परत आलाय. त्या चढांचे तुकडे मात्र नवख्यांनी टाळावेत, त्यातला एक तर साधारण आठास एक इतका आहे. कुठून कुठे जायचं ते तबेल्यातच विचारून घ्या.

तुमच्यासाठी मी मॉन्सल नव्हे, टिसिंग्टन सुचवेन. मॉन्सल जास्त देखणी आहे, नदीवरचा तो उंच दगडी पूल बघायला लोक लांबून येतात. पण तिच्यावर चार मोठे बोगदे आहेत, प्रत्येकी साधारण चारशे मीटरचे. २०११ साली ते लोकांसाठी उघडले आणि दिवसा आत दिवे असतात. तरी बाहेर लख्ख ऊन आणि आत पिवळा उजेड, हा फरक घोड्याला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात रुळायला माणसापेक्षा बराच जास्त वेळ घेतात. बोगद्याच्या तोंडाशी घोडा थबकतो तो हट्टीपणाने नाही, त्याला पुढे भिंत आहे की खड्डा हेच कळत नसतं. अशा वेळी टाच मारणारा स्वार मूर्ख. उभं राहायचं, त्याला मान खाली घालून बघू द्यायचं, वास घेऊ द्यायचा. ओळखीचा घोडा पुढे असेल तर त्याच्या मागून जायचं. आणि आत टापांचा आवाज दुप्पट होऊन परत येतो, तो स्वारालाही दचकवतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी स्वतःच दचकलो होतो. घोडी शांत होती, मीच लगाम आवळला, आणि मग तीही बिघडली.

शिवाय मॉन्सलवर शनिवार-रविवारी सायकलींची जत्रा असते. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. सायकल येते ती नेमकी पाठीमागून, आणि आवाज न करता. घंटी वाजवली तर वाईट, नाही वाजवली तर त्याहून वाईट. यावर उपाय म्हणजे माणसाचा आवाज. मागे सायकल आहे असं वाटलं की वळून मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा. समोरचा उत्तर देतो, आणि घोड्याला कळतं की हे माणूस आहे. आपल्याकडे वरातीचे घोडे बँड, फटाके, नाचणारी पोरं सगळं सोसतात, पण त्यातलाच एखादा गटाराच्या लोखंडी जाळीपाशी पाय रोवून उभा राहतो. ज्याची सवय ते सोपं, एवढंच. तिथल्या तबेल्यातले घोडे सायकलींना सरावलेले असतात. म्हणूनच कुणाच्या घरचा ‘फार गरीब’ घोडा उसना घेण्यापेक्षा परवानाधारक रायडिंग स्कूलमधून मार्गदर्शकासह जा. इंग्लंडात घोडे भाड्याने देणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला संकोच करू नका, त्यांना त्याची सवय असते.

आता पुलांविषयी आणि मोऱ्यांविषयी, कारण माझी हाडं इथेच मोडली. ती इंग्लंडात नाही, शहापूर तालुक्यात. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कालव्याच्या कडेच्या वाटेने मी आणि दोन विद्यार्थी निघालो होतो. माझी चंद्रा नावाची घोडी पुढे, वय नऊ, अंगाने काटक, स्वभावाने शहाणी. वाटेत एक मोरी आली. वरून दिसायला साधा सिमेंटचा तुकडा, खालून पोकळ. तिचा पुढचा पाय पडला तसा ‘धप्प’ आवाज आला आणि ती जागच्या जागी वळली. डावीकडे कालवा, उजवीकडे उतार, वाट जेमतेम दहा फुटांची. मी जुन्या सवयीने तिला गोल फिरवायला गेलो. तिचा मागचा पाय काठावरून घसरला, ती सावरली, मी नाही. खांद्याचं हाड मोडलं. चूक संपूर्ण माझी होती. आवाज आला तेव्हाच लगाम सैल करून सरळ उभी केली असती, तर ती पुढच्या क्षणी स्वतःच मोरीवरून गेली असती. त्या दिवसानंतर मी कुणालाही अरुंद वाटेवर नेण्याआधी मागे सरकवायला शिकवतो.

म्हणून सराव करायचा तो हाच. आणि त्याला रेल्वेवाट लागत नाही, तुमच्या स्कूलचं रिंगण पुरतं. शिक्षकांना सांगा, जमिनीवर दोन लांब बांबू समांतर ठेवा, मध्ये पाच-सहा फुटांची गल्ली. त्या गल्लीतून घोडा कदमाने, म्हणजे चालत, न्या, मधोमध थांबवा, दहा मोजा. मग चार पावलं मागे सरकवा, पुन्हा थांबा, पुढे जा. मागे सरकवताना लगाम ओढायचा नाही. पाठीचा कणा सरळ, हात जागेवर, पाय हलके लावायचे आणि लगाम फक्त पुढचा दरवाजा बंद ठेवतो असं समजायचं. हे जमलं की गल्लीत प्लायवूडची जाड फळी टाका, तिच्यावरून टापांचा पोकळ आवाज येतो. दुसऱ्या दिवशी ताडपत्री. शेवटी एखाद्या मित्राला सायकलवरून मागून यायला सांगा, आधी दूरवरून, बोलत बोलत. आठवड्यातून दोनदा जात असाल तर दीड महिन्यात हे सगळं होईल.

आणि उतरणं-चढणं. याच्यावर मी जरा अडून बसतो, कारण यावर कुणीच भर देत नाही. स्कूलमध्ये तुम्ही स्टुलावरून चढता, मोतद्दार रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, धरतो, उतरताना तो लगाम धरतो. पुलावर घोडा अडला, तुम्ही उतरून त्याला हाताने नेलंत, आता परत चढायचं कसं? काही पुलांचे कठडे बुटके असतात, तिथे उतरूनच जा अशी पाटी असते, म्हणजे हा प्रसंग येणार हे नक्की. जमिनीवरून चढायचा सराव करा, रोज पाच वेळा, दोन्ही बाजूंनी. चढण्याआधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तपासा. तासभर चालल्यावर घोड्याचं पोट आत जातं, तंग सैल होतो, आणि तुम्ही रिकिबीत पाय घातला की खोगीर तुमच्यासकट खाली फिरतं. जमिनीवरून चढणं झेपत नसेल तर लाजू नका, वाटेत कुंपणाचा ओंडका, दगड, पायरी शोधायची नजर ठेवा. उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून आधी काढायचे, मगच अंग सोडायचं. हे तुम्हाला माहीत आहे, पण घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

सरळ वाटेचा आणखी एक त्रास आहे, तो फार कुणी बोलून दाखवत नाही. रिंगणात कोपरे असतात, म्हणून दुडकीत उठबस करताना तुम्ही डायगोनल, म्हणजे घोड्याच्या तिरक्या पायांच्या कोणत्या जोडीबरोबर उठायचं ते, बदलत राहता. सरळ वाटेवर कोपराच नाही. स्वार एकाच डायगोनलवर मैलभर उठबस करतो आणि घोड्याचा एकच मागचा पाय सगळं ओझं सोसतो. संध्याकाळी घोडा एका पायाने आखडतो आणि मालक म्हणतो नाल चुकली. शंभर-दीडशे पावलं मोजा आणि एक ठेका बसून डायगोनल बदला. जुन्या रेल्वेच्या बाजूला कधी मैलाचे दगड, खांब दिसतात, त्यांच्याशी सांगड घाला. कँटर तुम्ही या वाटांवर करू नका. तुम्हाला येत नाही म्हणून नाही, समोरून बाबागाडी ढकलणारी आई कोणत्या वळणामागे आहे ते दिसत नाही म्हणून.

रेल्वेवाट पुढे जाते आणि त्याच वाटेने परत येते. परत फिरताना घोड्याचं तोंड पागेकडे होतं आणि त्याला चारा आठवतो. जाताना आळसावलेला घोडा येताना लगाम ओढायला लागतो, तेही सरळ वाटेवर, जिथे धावायला काहीच अडथळा नाही. म्हणून परतीचा किमान शेवटचा मैल फक्त कदमाने, मध्ये दोनदा उभं करून. वेळेचा हिशोब असा धरा: कदमाने घोडा तासाला साधारण सहा किलोमीटर जातो. टिसिंग्टनचे १३ मैल म्हणजे जवळपास २१ किलोमीटर. तुम्ही त्यातला चार-पाच किलोमीटरचा तुकडा जाऊन यायचा, दीड-दोन तासांत. पहिल्या दिवशी याहून जास्त तुमच्याच मांड्यांना झेपणार नाही. जूनमधली तिथली संध्याकाळ फार लांब असते, तिला भुलू नका.

पायाखाली काय असतं? रूळ आणि स्लीपर काढलेले असतात, टिसिंग्टनसारख्या वाटांवर वरून चुनखडीचा बारीक चुरा टाकून दाबलेला असतो. घोड्याला तो चांगला. कडेला मात्र जुनी खडी उघडी पडलेली असते. रेल्वेची खडी म्हणजे आपल्याकडच्या मापाने २० ते ६५ मिलिमीटरचे कोनदार दगड. असा एक दगड खुराच्या तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागात घुसला की घोडा लंगडतो. वाटेच्या मध्यावर राहा, कुणाला वाट द्यायची असेल तर थांबून द्या, कडेने पळू नका. परत आल्यावर चारही खूर उचलून बघण्याची तसदी मार्गदर्शक घेतो की नाही हेही बघा. नसेल घेत तर दुसऱ्या दिवशी तिथे जाऊ नका.

मुलाविषयी. माथेरानचं बसणं म्हणजे घोडेवाल्याने दोरी धरून नेलेलं बसणं. तो मुलगा घोड्यावर बसलाय, घोडा चालवलेला नाही. याचा अर्थ त्याला नेऊ नका असा नाही. तबेल्यात आधीच फोन करून ‘लीड रीन’वर, म्हणजे मार्गदर्शकाच्या हातात दोरी असलेल्या घोड्यावर, न्यायला सांगा. वय, उंची, वजन खरं सांगा, तुमचंही. तिथे बहुतेक तबेले प्रत्येक घोड्याला स्वाराच्या वजनाची मर्यादा ठेवतात आणि दारात वजनकाटा असतो. एक स्टोन (तिथलं वजनाचं माप) म्हणजे ६.३५ किलो, हिशोब घरूनच करून जा. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर घोडेस्वारीचं हेल्मेट सक्तीचं आहे. तुम्हाला कायदा नसला तरी तुम्हीही घाला. इथून सायकलचं हेल्मेट नेऊ नका, ते घोड्यावरून पडण्यासाठी बनवलेलं नसतं. बहुतेक तबेले आपलं देतात. टाच असलेले बूट मात्र इथून न्या, कारण सपाट तळाच्या स्पोर्ट्स शूजचा पाय रिकिबीतून पलीकडे सरकतो आणि अडकतो.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. ठाणे-नवी मुंबईत रेल्वेवाट आहे का? रूळ उखडण्याची नाही, टाकण्याची आपल्याला घाई आहे. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि तेव्हापासून इथली लाइन वाढतच गेली. वाशीला गाडी १९९२ मध्ये आली, उरणला २०२४ मध्ये. मुंबईत एक मार्ग खरोखरच बंद पडला होता, सेंट्रल साल्सेट ट्रामवे, १९२८ ते १९३४. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडच्या नावात तो अजून उरलाय, जमिनीवर काही नाही. खंडाळ्याजवळ बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या, म्हणजे गाडी दिशा उलटवून पुढे जायची त्या जागेच्या, खुणा दिसतात, पण तो कड्याचा भाग आहे, घोड्याचा नाही. विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ रेल्वे बंद आहे, पण तिचे रूळ तिथेच आहेत.

आणि एक गोष्ट इथल्या प्रत्येक हौशी स्वाराने लक्षात ठेवावी: गाडी बंद झाली म्हणून आपल्याकडे जमीन मोकळी होत नाही. ती रेल्वेचीच राहते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानुसार विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माथेरानची मिनीट्रेन १९०७ पासूनची, लोक तिच्या रुळांवरून सर्रास चालतात, पण घोड्यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच राहू द्या. चालू रुळांत घोड्याचा खूर अडकला तर काय होतं हे मला लिहायचंही नाही.

इथे तशीच भूमिती हवी असेल तर कालव्याच्या कडेची वाट सगळ्यात जवळची. सपाट, सरळ, एका बाजूला पाणी, मधूनमधून मोऱ्या. भातसा कालव्याच्या काही भागांत गावकरी बैलगाड्या नेतात. पण तिथेही पाटबंधारे खात्याची जागा आहे, स्थानिक शाखेला विचारूनच जा, आणि तुमच्या शिक्षकांसह, सकाळी आठच्या आत. मे महिन्यात तर साडेसातच्या आत. मुंबईच्या पाण्याच्या पाइपलाइनीची वाट दिसायला मोहक असली तरी महापालिकेच्या ताब्यात आहे, तिकडे वळूच नका.

तबेल्याला फोन कराल तेव्हा इतकंच सांगा: ‘आठ महिने शिकतेय, दुडकी येते, कँटर नको, रेल्वेवाट पहिल्यांदाच आहे, एक घोडा मुलासाठी लीड रीनवर हवा, आणि पुढच्या घोड्यावर तुमचा माणूस हवा.’ ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तिथे मुद्दाम सगळ्यात म्हातारा घोडा देतात. मी स्वतः दिलेत.